ह्येच्यान काय कापतलस?

नाहूर स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला पाहिलं, की इमारतींच्या फटींतून डोंगराची निळसर रेघ दिसते. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभरहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात बिबटे, आणि पायथ्याशी आपण, हप्त्यांवर घेतलेल्या घरांत. रोज ती रेघ बघून बघून मला एक दिवस वाटलं, आपल्याकडे एक चांगला चाकू असायला हवा. शिकारी चाकू. न मिटणारा, सरळ पात्याचा.

मग रात्री जागून व्हिडिओ पाहिले. मिटणाऱ्या चाकूचा सांधा हाच त्याचा कमकुवत भाग असतो, म्हणून एकसंध पातं घ्यावं. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं, नाहीतर जोर दिल्यावर मूठ हातात आणि पातं लाकडात, अशी गत होते. पोलाद फार कडक असेल तर धार टिकते, पण टवका उडतो. मऊ असेल तर टवका उडत नाही, पण धार लवकर बसते. लांबी चार इंच पुरते. हे सगळं मला पाठ झालं. चाकू मागवला आणि मे महिन्यात मामाकडे सिंधुदुर्गात गेलो तेव्हा बॅगेतून काढून दाखवला.

मामाच्या कमरेला लाकडी आकडी असते, तिच्यात कोयता. सकाळी उठल्यावर तो आधी आकडी बांधतो, मग चहा. त्यानं माझा चाकू उलटसुलट करून पाहिला, अंगठ्यावर धार बघितली, "बरो आसा" म्हणाला. आणि मग विचारलं, "ह्येच्यान काय कापतलस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मामाला नारळ सोलायचा असतो, झावळ्या तोडायच्या असतात, कुंपणाच्या काठ्या तासायच्या असतात. त्याच्याकडे आधी काम आलं, मग कोयता. माझ्याकडे आधी चाकू आला होता, आणि आता मी त्याच्यासाठी काम शोधत होतो.

परत आल्यावर मी तो प्रश्न नीट घेऊन बसलो. शिकारी चाकू नेमका कशासाठी असतो? मारण्यासाठी नाही. मारायचं काम बंदुकीचं किंवा बाणाचं. चाकूचं काम त्यानंतर सुरू होतं: पोट फाडणं, आतडी काढणं, कातडं सोलणं, मांसाचे वाटे करणं. सांधा नसलेलं पातं सोयीचं, याचं एक कारण हेही, की फटीत रक्त-चरबी अडकत नाही, धुवायला सोपं जातं. म्हणजे जीव घेणाऱ्यानं पुढचं सगळं स्वतःच्या हातानं निस्तरावं, यासाठीचं हे हत्यार. चित्रात दिसतो तो शूर माणूस. चाकूच्या वाट्याला येतं ते कोपरापर्यंत हात बरबटणारं काम.

आणि ते काम इथे नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा प्रश्न मिटवला आहे. त्याच कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, फासे, जाळी, विष यांच्या रांगेत चाकूही आहे, आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. ज्या डोंगराकडे बघून मी चाकू घेतला, तिथेच तो नेणं गुन्हा.

शस्त्रांचे नियम वाचले तर ते मामासारखंच बोलतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले जातात. पण घरकामासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे कायदाही आधी मोजपट्टी लावतो, आणि मग विचारतो: कशासाठी?

तुम्ही म्हणाल, वस्तूचा काय दोष? चाकू निर्जीव, वाईट असतो तो माणूस. मीही असंच म्हणायचो. मग एका रविवारी ट्रेकहून कसारा लोकलनं परतताना रॅकवरच्या बॅगेवरून भांडण झालं. समोरच्यानं माझी सॅक ढकलली. मी आवाज चढवला, त्यानंही चढवला. आणि माझ्या लक्षात आलं, की माझा हात सॅकच्या बाजूच्या कप्प्यावर आहे. चेन उघडली नव्हती. पण हात तिथे गेला होता, मला न विचारता. तेवढ्यात ठाणं आलं, गाडी बदलायला उतरलो. प्लॅटफॉर्मवर पाय थरथरत होते. त्या माणसाच्या भीतीनं नव्हे.

चाकू नसता तर मी बॅग सरकवली असती, फार तर एक शिवी हासडली असती.

मामाही चिडतो, बांधावरून भांडतो, आणि कोयता दिवसभर कमरेला असतो. पण त्याचा हात कोयत्याला हजार कामांनी ओळखतो. माझ्या हाताला चाकूचं एकही खरं काम माहीत नव्हतं. त्याला ठाऊक होतं फक्त व्हिडिओतलं काम. रिकाम्या हत्याराला काम हवं असतं, आणि आपण दिलं नाही तर आपला राग देतो.

अर्थात, नुसत्या कामानं माणूस सज्जन होत नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. पुण्याच्या बातम्यांतली 'कोयता गँग'ही आपण वाचली आहे. हत्यार तेच, शब्दही तोच. एका ठिकाणी दोन माणसांचं अख्खं आयुष्य त्या शब्दात मावतं, दुसऱ्या ठिकाणी रस्त्यावरची दहशत. फरक पोलादात सापडत नाही. म्हणून चाकू निवडताना पोलादाची चौकशी शेवटी करावी.

'सोबत असलेला बरा' हे उत्तर मी स्वतःला बऱ्याचदा दिलं. बिबट्याच्या भागात राहणाऱ्यांचे सल्ले मात्र वेगळे असतात: अंधारात एकटं जाऊ नका, टॉर्च ठेवा, बोलत चला, कचरा साचू देऊ नका. त्यात चाकू कुठेच येत नाही.

तो चाकू मी फेकला नाही. आता तो स्वयंपाकघरात आहे. रविवारी बाजारातून बांगडे आणतो, साफ न करता. कोळीण मावशी पहिल्यांदा हसली, मग कल्ले कुठून धरायचे ते तिनं दाखवलं. पहिल्या दिवशी मी पित्त फोडलं आणि अख्खा मासा कडू केला. आता पोट चिरून घाण एका ओढीत निघते. वास दुपारपर्यंत बोटांना राहतो. आई तिच्या विळीवरून बघते, काही बोलत नाही.

गेल्या खंडेनवमीला तिनं पाटावर विळी मांडली, शेजारी माझा लॅपटॉप. मी चाकू आणून ठेवायला गेलो तर म्हणाली, "आधी नीट घासून आण, खवलं चिकटलीत."