अ‍ॅझ्टेक घरांतील मातृमूर्ती

अ‍ॅझ्टेक काळात मेक्सिकोच्या खोऱ्यात भाजक्या मातीच्या लहान मूर्ती घरोघरी असत. त्यांत स्त्रीमूर्ती विपुल आढळतात आणि अनेकींच्या हातात एक किंवा दोन मुले असतात. केसांचे दोन झुपके कपाळावर शिंगांसारखे उभे असतात; ही विवाहितेची केशरचना. मूर्ती साच्यातून काढत. ओतुंबा येथे त्यांच्या निर्मितीचे अवशेष मिळाले आहेत. काही मूर्ती पोकळ असून आतल्या गोळ्यांमुळे खुळखुळ्यासारख्या वाजतात.

या देवी की साध्या बायका? देवतांची ठरलेली शिरोभूषणे व चिन्हे बहुतेकींवर नाहीत आणि त्या सापडतात त्या घरांच्या परिसरात, उकिरड्यात. त्यामुळे अपत्यप्राप्ती आणि आजारपण यांसंबंधीच्या घरगुती विधींशी त्यांचा संबंध जोडला जातो. पण देवी किंवा बाई, यांतले एकच निवडावे असा आग्रह या धर्माला लागू पडत नाही. विधीत देवाचा वेश धारण केलेल्या माणसातही तिथे देवच प्रकट होत असे. बाळंतिणीच्या बाबतीत तर ही सीमा अगदी पुसट होती. बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात, अ‍ॅझ्टेक ज्यांपैकी होते त्या नाहुआ लोकांकडून मिळवलेल्या माहितीत प्रसूती ही लढाईच आहे. मूल जन्मताच सुईण रणगर्जना करते, कारण आईने जणू शत्रूचा योद्धा जिवंत पकडलेला असतो. पहिल्या बाळंतपणात दगावलेली स्त्री देवत्व पावते आणि माध्यान्हापासून मावळतीपर्यंत सूर्याची सोबत करते. त्याआधीची सोबत रणात पडलेल्या वीरांची. मात्र याच स्त्रिया ठरावीक दिवशी चव्हाट्यावर उतरून लहान मुलांना आजार जडवतात, अशी धास्तीही होती.

राजधानी तेनोचतित्लानच्या दगडी शिल्पांत या गौरवापेक्षा भीषणता जास्त आहे. १९७८ साली तिथेच, म्हणजे आजच्या मेक्सिको सिटीत सापडलेल्या, तीन मीटरहून अधिक व्यासाच्या शिळेवर कोयोलशाउकी ही देवी मुंडके आणि हातपाय तुटलेल्या अवस्थेत कोरली आहे; तिला मारणारा तिचाच भाऊ, युद्धदेव उइत्सिलोपोच्त्ली. पुरातत्त्वज्ञ एलिझाबेथ ब्रमफिएल यांनी १९९६ साली राजसत्तेच्या अशा शिल्पांशी खाल्तोकान, वेशोत्ला आणि खिको येथील मातीच्या मूर्ती ताडून पाहिल्या. पुरुषी पराक्रमाला श्रेष्ठ ठरवणारी राज्याची विचारसरणी सामान्य घरांनी मान्य केली नाही, असे त्यांचे म्हणणे. हा जाणीवपूर्वक विरोध होता, हे केवळ मूर्तींवरून ठरवणे कठीण आहे. स्त्रीची थोरवी मूल वाढवण्यात पाहणारी श्रद्धा त्या घरांत टिकून होती, एवढे मात्र त्या मूर्तींवरून नक्की म्हणता येते.