टाचेवर चालून दाखव

उठू नकोस. बाजेवर तसाच पडून राहा आणि ऐक. पंधरा दिवस झाले तू पडून आहेस, हे मला आज सूनबाईकडून कळलं. दहावीला मीच तुला शरीरशास्त्र शिकवलं होतं. मणके ३३, त्यातले कमरेचे ५, हे तू फळ्यापाशी उभा राहून घडाघडा म्हणायचास. ते काय फक्त पेपरात लिहिण्यापुरतं होतं?

‘सर, मणक्यात गॅप आलाय.’ गॅप म्हणजे काय, सांग बरं. नाही ना सांगता येत! यावल-रावेरकडे ज्याला विचारावं त्याला गॅप आलेला असतो, पण तो कशात आला हे कुणी विचारत नाही. अरे, दोन मणक्यांमधली गादी झिजली की मणके एकमेकांजवळ येतात. अंतर कमी होतं, वाढत नाही. ही झीज कमरेत काहीही दुखत नसलेल्या माणसांतही सापडते. अशा लोकांचे एमआरआय एकत्र करून पाहिले, तर विशीतल्या १०० पैकी ३७ जणांत आणि ऐंशीतल्या १०० पैकी ९६ जणांत गादीची झीज दिसली. केस पिकतात तशी गादीही पिकते. तू मात्र रिपोर्टमधला एक शब्द वाचून खचलास आणि बाज धरलीस.

आणि उपचार कोणते केलेस? उसण भरली म्हणून आधी पायाळू माणूस शोधून कमरेत लाथ मारून घेतलीस. मग बिब्बा लावून कातडी भाजून घेतलीस. मग बाजाराच्या गावी जाऊन सुई टोचून घेतलीस आणि पुड्या आणल्यास. त्या पुडीवर औषधाचं नाव आहे? नाही. अशा बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. दुखणं दोन दिवसांत पळतं, तू मळ्यात जातोस, पुन्हा घड उचलतोस. तिकडे हाडं पोकळ होतात, साखर वाढते. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर मूत्रपिंडं जातात. केळीवर फवारायच्या औषधाचं लेबल तू दोनदा वाचतोस. स्वतःच्या पोटात काय चाललंय, ते एकदाही वाचलं नाहीस.

२०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे घेऊन माझ्याकडे आला होतास. मला अभिमान वाटला होता. घडाच्या भारानं खांब कलायला लागला की तू बांबूचा टेकू देतोस. मणक्यालाही टेकू लागतो, आणि तो पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचा असतो. ते स्नायू तू पंधरा दिवस बाजेवर पडून सैल केलेस.

वीस किलोचा घड तू कसा उचलतोस, हे मी बांधावरून पाहिलंय. गुडघे ताठ, कंबर वाकलेली, घड अंगापासून लांब, आणि उचलता उचलता ट्रॅक्टरकडे वळतोस. १९९९ साली जर्मनीत एका निरोगी माणसाच्या कमरेच्या गादीत बारीकसं यंत्र बसवून दाब मोजला होता. वाकून २० किलो उचलताना तो दाब नुसतं उभं राहण्याच्या साडेचारपट झाला. गुडघे वाकवून पाठ सरळ ठेवली तर बराच उतरला. तेच वजन छातीशी धरून उभं राहिल्यावर दुपटीच्या थोडा वर राहिला. वजन तेवढंच, माणूस तोच. फरक फक्त उचलण्याच्या रीतीचा. ही रीत शिकायला एक दुपार पुरते, आणि ती दुपार तू वीस वर्षांत काढली नाहीस.

तुझ्या कपाशीत वेचणीला येणाऱ्या बायकांचंही तेच. सकाळपासून ओणव्या, कमरेला भरलेली ओटी, मजुरी किलोवर. पाठ सरळ करायला थांबली तर तिचेच पैसे जातात, म्हणून ती थांबत नाही. तू मालक आहेस. पोतं तासाच्या टोकाला ठेवतोस, ते मध्यावर आण. ओटी लवकर रिकामी होऊ दे, घटकाभर त्यांना ताठ उभं राहू दे. ही तुझी जबाबदारी आहे, त्यांची नाही. सूनबाई, तूही त्याच रांगेत असतेस. तुझी कंबर दुखते हे या घरात आजवर कुणी विचारलं नसेल.

नुसत्या कमरेच्या दुखण्यावर बाज हा उपचार नव्हे. साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत उतरते. १९८६ साली अमेरिकेत काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितलं होतं. सात दिवसवाल्यांना जास्तीचा काही फायदा झाला नाही, उलट त्यांचे कामाचे दिवस जास्त बुडाले. शेक घे, सोसेल तितकं चाल, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घे. गादी सरकून नस दबली तरी बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

पण काही खुणांना थांबायचं नसतं. संध्याकाळी ताप, उतरत चाललेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर मणक्याचा क्षय तपासायला हवा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, मात्र वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावं लागतं. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर...

थांब. सूनबाई, काय म्हणालीस? डाव्या पायातली चप्पल निसटते? कधीपासून?

ऊठ. माझ्या खांद्याला धर. आता टाचांवर चार पावलं चालून दाखव. बोटं वर उचल. उजव्याची उचलली गेली. डाव्याची उचल. उचल म्हणतो ना.

चार दिवस? चार दिवस पाऊल लोंबतंय आणि तू घरात कुणाला सांगितलं नाहीस? पाय आहे तो, गड्या! कळ कमी झाली म्हणून बरं वाटायला लागलं होतं? नस दबून दबून मुकी होते, तेव्हाही कळ कमी होते. लघवी नीट होते ना? खरं सांग, लाजू नकोस. होते. ठीक. बसायच्या जागी बधिरपणा? नाही. ठीक.

आता पायाळू नाही, पुडी नाही, उद्या सकाळ नाही. तुझ्या वडिलांना धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत न्यावं लागलं होतं. २०१८ पासून जळगावातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं नीट सांग, पाऊल उचलत नाही, चार दिवस झाले. ‘गॅप आहे’ एवढंच सांगून गप्प बसू नकोस.

सूनबाई, धाकट्याला गाडी काढायला सांग. जुने रिपोर्ट पिशवीत घाल. उरलेल्या पुड्या आणि फाडलेले कागदही घे, एकही टाकू नकोस. स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं असेल तर ते एकदम बंद करता येत नाही, म्हणून डॉक्टरांना ते दिसायलाच हवं. मी पुढच्या सीटवर बसतो. तू मागे आडवा हो.