ताप आला तर बाप किती तासांत पोचतो?

मे महिन्यात आमच्या डोंगरात बायकांच्या बोटांना कैरीचा चीक लागून लागून काळे डाग पडतात. धडगावच्या बाजारात जो आमचूर विकला जातो, तो आधी असा घराघरांपुढे उन्हात पसरलेला असतो. त्या दिवशी ताई अंगणात फोडी करत बसली होती आणि मी तिच्या मोबाइलमध्ये दोन याद्या बघत होतो. पाड्यावर रेंज येत नाही, म्हणून तोरणमाळला जाऊन त्यांचे फोटो काढून आणले होते. एक यादी नवोदयची, दुसरी एकलव्यची. दोन्हींत माझ्या भाचीचं नाव होतं.

खरं तर ही आनंदाची बातमी. दाजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली की नाव आपल्याच पोरीचं आहे. मग ताईने मान वर न करता विचारलं, ‘कुठे घालायची? तू सांग. तू राहून आलायस.’

या प्रश्नाला मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. हा लेख त्या आठ दिवसांचा आहे.

‘राहून आलायस’ म्हणजे काय ते आधी सांगतो. आदिवासी विकास विभागाची एक योजना आहे. अनुसूचित जमातीच्या मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पहिलीपासून घालायचं, फी सरकार भरणार. 2011 मध्ये तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात माझा अर्ज गेला आणि सहाव्या वर्षी मी अशा एका शाळेत दाखल झालो. शाळेचं नाव सांगत नाही, त्याने काही बदलणार नाही. तोरणमाळहून शहादा 50-55 किलोमीटर, सात पायरीचा घाट उतरून. तिथून पुढे रात्रभर गाडी. बाबा सोबत आले, फॉर्मवर अंगठा लावला, मला बिस्किटाचा पुडा दिला आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून लगेच निघाले.

शाळा वाईट नव्हती. जेवण वेळेवर मिळायचं, गणिताचे सर फार चांगले होते. मात्र इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत बोललं की वहीत फुली पडायची. अक्राणी तालुक्यातला अजून एक मुलगा माझ्या खोलीत होता. दिवा बंद झाल्यावर आम्ही दोघं पांघरुणात तोंड घालून पावरीत बोलायचो. बोलायचो म्हणजे काय, शब्द मोजायचो. आज कोणता आठवतो, तुला आठवतो का, असा खेळ. दुसऱ्या दिवाळीला घरी आलो तेव्हा आजी काहीतरी म्हणाली आणि मला ते कळलं नाही. ती हसली, तिला वाटलं मी मस्करी करतोय.

त्याच शाळेमुळे आज मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि हा लेख लिहू शकतो तोही तिच्यामुळेच. मग ताईला काय सांगायचं? गेलो ते बरं झालं, की वाईट?

अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी 2014 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा साधारण असा : काही निर्णय आपल्यालाच बदलून टाकतात, आपल्या आवडीनिवडीसकट. म्हणून ते घेण्याआधी फायदा-तोटा तोलता येत नाही, कारण तोलणारा माणूसच नंतर वेगळा असणार. मूल होऊ देणं हे त्यांचं प्रसिद्ध उदाहरण. मला वाटतं, मूल दूर पाठवणं हेही त्याच जातीचं आहे, आणि त्यात आणखी एक गुंता आहे. इथे निर्णय घेणारा एक आणि बदलणारा दुसरा. सहा वर्षांचा मी मोठेपणी काय म्हणेन, हे मला कोणत्या शाळेत घातलं यावरच ठरणार होतं. आज मी ‘गेलो ते बरं झालं’ म्हणालो, तर ते म्हणणारा त्या शाळेने घडवलेला आहे. न गेलेला मी कुठे नाहीच, त्याची साक्ष कोण काढणार?

पण न गेलेला मी आहे. तो माझा भाऊ.

तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. वयात बसत नव्हता म्हणून योजनेत नाव गेलं ते माझं. तो आश्रमशाळेत गेला, आठवीनंतर सुटला, आता दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातो. आमच्यात हुशार कोण होता? शेळ्या मोजताना तो एका नजरेत सांगायचा, मी बोटं मोडायचो. मागच्या होळीला भोंगऱ्या बाजारातून परत येताना तो सहज म्हणाला, ‘तू गेलास म्हणून मला राहावं लागलं. दोघं गेलो असतो तर बाबांचं कोण बघणार होतं?’ राग नव्हता त्यात. पाऊस झाला म्हणून नांगर धरला, असं सांगावं तसं त्याने सांगितलं.

मुलासाठी शाळा निवडण्यावर जे काही लिहिलं जातं, त्यात एका मुलाचा विचार असतो. त्याचं हित, त्याचा कल, त्याचं भविष्य. आमच्याकडे एक मूल निवडलं की दुसऱ्याचं आयुष्यही त्याच कागदावर ठरतं, फक्त त्याचं नाव कुठे लिहिलेलं नसतं. ताईला धाकटा मुलगा आहे, सहा वर्षांचा. शेळ्या आहेत. भाची गेली की त्या शेळ्यांमागे कोण जाणार, हे सांगायला यादी लागत नाही.

अशा वेळी गावात कोणीतरी हमखास डॉ. राजेंद्र भारूड यांचं नाव काढतं. आमच्या भागात ते काढलं जाणारच. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल घरातला मुलगा, आईने मोहाची दारू विकून वाढवलेला, नवोदयात शिकला, डॉक्टर झाला, आयएएस झाला आणि पुढे याच नंदुरबारचा जिल्हाधिकारी म्हणून आला. त्यांचं ‘मी एक स्वप्न पाहिलं’ मी होस्टेलात वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. ते उदाहरण खरं आहे आणि मोठं आहे. माझी अडचण ते वापरण्याच्या पद्धतीशी आहे. जो पोचला त्याचा फोटो वर्गात लागतो. जो सातवीत घरच्या आठवणीने आजारी पडून परत आला, त्याचा लागत नाही. मग आईबापांना वाटतं या रस्त्याच्या टोकाला कलेक्टरच उभा असतो, आणि पोरगं परत आलं तर दोष पोराचा.

आता निवडीबद्दल. नवोदयची परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न, 100 गुण. निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे, बाकी अंकगणित आणि भाषा. मराठीतून देता येते, पावरीतून नाही. भाची पास झाली कारण ती हुशार आहे, आणि तिच्या गुरुजींनी वर्षभर संध्याकाळी बसवून घेतलं म्हणूनही. शेजारच्या पाड्यावर असे गुरुजी नसतील तर तिथली तितकीच हुशार मुलगी या यादीत नसणार. मी नवोदयला नावं ठेवत नाही. 1986 च्या शैक्षणिक धोरणामागची कल्पनाच अशी होती की खेड्यातल्या हुशार मुलाला पैशावाचून चांगली शाळा मिळावी. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीचं. पण एकेका जिल्ह्यातून 80 मुलं निवडली म्हणजे बाकीच्यांना आपण काय सांगितलं, हा प्रश्न उरतोच.

‘एकलव्य’ या नावाचं तर मला नवलच वाटतं. आदिवासी मुलांच्या निवासी शाळेला नाव कोणाचं, तर त्या काळच्या सगळ्यात नामांकित गुरुकुलात प्रवेश नाकारलेल्या मुलाचं! ज्याने सुचवलं त्याने मनापासून सुचवलं, की शांतपणे टोला मारला, कोण जाणे. मला मात्र बाबांचा फॉर्मवरचा अंगठा आठवतो.

त्या अंगठ्याचा विचार करताना एकदा मी कॅनडाबद्दल वाचत बसलो. तिथे सरकार आणि चर्च यांनी मिळून दीड लाखांहून जास्त आदिवासी मुलं निवासी शाळांत नेली, भाषा सोडवली, केस कापले. 2015 मध्ये सत्यशोधन आयोगाने त्यावर अहवाल दिला. वाचताना अंगावर काटा आला, आणि लगेच मनाने बजावलं की आपलं तसं नाही, आपल्याकडे कोणी ओढून नेत नाही, आईबाप संमती देतात. हा फरक मोठा आहे, तो पुसून टाकणं खोटेपणाचं होईल. तरी वाचता न येणाऱ्या कागदावरची, घरी दुसरा काही पर्याय नसताना दिलेली संमती कितपत संमती असते? बाबांना विचारलं तर ते म्हणतील, ‘मीच पाठवलं, मर्जीने.’ मी त्यांना कधी विचारलं नाही.

घरापासून दूर ठेवून शिकवणं वाईटच असतं, असंही मला म्हणता येत नाही. महाराष्ट्रात वसतिगृहांनी माणसं उभी केली आहेत. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छताखाली, एका पंगतीत आणली. ज्या घरात आणि गावात जात पाळली जाते तिथून मूल बाहेर काढणं, हीच तिथे शिक्षणाची पहिली पायरी होती. घर म्हणजे फक्त ऊब नसते, हे आम्हालाही माहीत आहे. माझ्या वर्गमैत्रिणींपैकी दोघींनी तर स्पष्ट सांगितलं, ‘तुला परत जावंसं वाटायचं, आम्हाला सुट्टी नको वाटायची. घरी गेलं की लग्नाची बोलणी.’ भाची मुलगी आहे. ताईचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. हा मुद्दा मी उशिरा लिहितोय, याची मलाच लाज वाटते. ताईच्या मनात तो बहुतेक पहिल्याच दिवशी होता.

आणि दुसऱ्या बाजूला आमच्याच भागात, नर्मदेच्या काठाला, वेगळा प्रयोग झाला. 1991-92 च्या सुमाराला धरणाविरुद्धच्या लढ्यातून जीवनशाळा सुरू झाल्या, चिमलखेडी आणि निमगव्हाणला पहिल्या. शिकवणारे त्याच गावांतले. मुलाची बोली ही तिथे चूक समजली जात नव्हती. मूल शाळेकडे न्यायचं की शाळा मुलाकडे, हा वाद म्हणजे आपल्याकडे नुसतं पुस्तकी बोलणं नाही. दोन्ही गोष्टी आम्ही डोळ्यांनी पाहिल्यात. आता तोरणमाळला आसपासच्या पाड्यांवरच्या लहान शाळांतली मुलं एकत्र आणून जिल्हा परिषदेची मोठी निवासी शाळा उभी आहे. म्हणजे तिसरा पर्यायही होताच. दाजींनी तो काढला, ताईने उडवून लावला. ‘दोन ठिकाणी नाव लागलं आणि पोरगी इथेच ठेवायची?’

जोएल फाइनबर्ग नावाच्या तत्त्वज्ञाने 1980 मध्ये मांडलं होतं की मुलाला ‘खुल्या भविष्याचा’ हक्क असतो. आईबापांनी असं काही करू नये की मोठेपणी त्याच्यापुढचे रस्ते आधीच बंद झालेले असतील. मला हे पटतं. पण रस्ते मोजायला बसलं की सगळे डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर असे बाहेर जाणारेच मोजतात. आजीचं बोलणं कळणं, इंदलच्या रात्री गाण्यात सूर मिसळता येणं, शेत बघून पाऊस ओळखणं, हाही एक रस्ता आहे आणि तोही बंद होऊ शकतो. माझा अर्धा बंद झाला. भावाचा दुसरा. आमच्या दोघांत मिळून एका माणसाचं खुलं भविष्य होईल.

आठव्या दिवशी मी ताईला एकलव्य म्हणालो.

कारण अगदी साधं होतं, सांगायला संकोच वाटावा इतकं. दुसरीत मला टायफॉइड झाला होता. शाळेने निरोप दिला, तो पोचायलाच दोन दिवस गेले. बाबा आले तेव्हा मी बरा होऊन वर्गात बसलो होतो. ते खिडकीतून बघून परत गेले, हे मला नंतर शिपाईकाकांनी सांगितलं. तेव्हापासून शाळेबद्दल माझ्या डोक्यात एकच माप आहे : ताप आला तर बाप किती तासांत पोचतो? भाचीचं नाव लागलेली एकलव्य आम्हाला जवळची. दाजी पहाटे निघाले तर दुपारच्या आत तिथे. शिवाय नवोदयात नववीला 30 टक्के मुलं वर्षभरासाठी हिंदी भागात पाठवतात. देश कळावा म्हणून ते चांगलंच आहे, पण मी ते माप लावलं की आकडा तासांतून दिवसांत जातो.

हे माप तिच्या हिताचं आहे, की माझ्या टायफॉइडचं? मला सांगता येत नाही. नवोदयमध्ये ती पुढे गेली असती आणि मी माझ्या भीतीपायी तिची वाट अडवली, असंही उद्या निघेल. तेव्हा तिने मला जाब विचारावा, म्हणून तारीख घालून लिहून ठेवलंय.

ताईने ऐकून घेतलं. विळी बाजूला ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, ‘मग तिलाही विचार.’ आठ दिवसांत हे मला सुचलं नव्हतं.

भाची मागे शेळीच्या पिल्लाला पाला चारत होती. मी सगळं समजावून सांगितलं. दोन शाळा, दोन रस्ते, कुठे किती लांब. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, ‘मामा, तिथे आपल्या बोलीत बोललेलं चालतं?’

‘विचारून सांगतो,’ मी म्हणालो. ‘दिवा बंद झाल्यावर तर चालतंच.’

तेवढ्यात ढग आले. ताईने हाक मारली आणि आम्ही तिघं फोडी गोळा करायला धावलो.