पानिपतच्या वाटेवर मुक्काम हवा

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक कोस मिनार उभा आहे. विटांचा, चुन्याच्या गिलाव्याचा, खाली अष्टकोनी आणि वर निमुळता गोल होत गेलेला, सुमारे 30 फुटांचा. लोक वाघ बघायला जातात, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. जहांगीरने 1619 मध्ये आग्र्यापासून लाहोरपर्यंत दर कोसाला असा मिनार आणि दर तीन कोसांवर विहीर बांधायचा हुकूम काढला होता. दुतर्फा झाडी होती, मुक्कामाला सराया होत्या. मिनार नसता तरी वाटसरू पोचला असता; पाणी आणि सावली नसती तर नसता पोचला. आज सोनीपत, पानिपत, कर्नालच्या बाजूला कुंपणात जपलेले मिनार दिसतात. बाकीची व्यवस्था जवळजवळ पुसली गेली आहे.

हाच रस्ता मराठी माणसाला पानिपतला नेतो. पानिपतच्या लढाईच्या स्मृतिदिनी, 14 जानेवारीला, माणसं गाड्या करून काला आंबच्या स्मारकावर येतात, नतमस्तक होतात आणि परततात. त्या आदराबद्दल शंका नाही. पण मोटारीच्या वेगात पानिपत कळत नाही. मराठा सरदार दत्ताजी शिंदे 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर लढताना पडले. तो घाट आज दिल्ली शहरातच येतो आणि तिथून पानिपत चारेक दिवसांची चाल आहे. या चालीत यमुना सतत उजव्या हाताला राहते. ऑक्टोबर 1760 मध्ये मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांनी उत्तरेला कुंजपुरा जिंकला आणि त्याच सुमारास अफगाण बादशहा अब्दाली बागपतजवळ नदी उतरून मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. पुढे रसद तुटली, माणसं-जनावरं उपाशी राहिली. दिल्ली चार मजलांवर असून धान्याचं पोतं पोचत नाही, याचा अर्थ ती चार मजलांची वाट स्वतः चालल्यावर अंगात भिनतो.

आता त्या रस्त्याचा आठपदरी महामार्ग झाला आहे. त्यावर पायी चालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. पायी वाट काढायची तर गावोगावच्या रस्त्यांनी, शेतांच्या कडेने काढावी लागेल. इथेच मला खरी भीती वाटते. पायवाट म्हटली की सरकारला रस्ता सुचतो. राजधानी क्षेत्रातच, गाझियाबाद, मेरठ आणि मुझफ्फरनगर जिल्ह्यांतून, गंगेच्या कालव्याच्या पटरीवर कांवड यात्रेसाठी 111 किलोमीटरचा रस्ता आखला गेला आणि त्यापायी लाखाहून जास्त झाडं तोडायचं ठरलं. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याची स्वतःहून दखल घेतली. श्रावणात अनवाणी चालणाऱ्यांच्या नावाने त्यांचीच सावली काढून घ्यायची, ही कसली सेवा? आपल्याकडे पालखी मार्ग रुंद करताना जुने वड गेले, तेव्हाही हेच झालं.

पंढरपूरची वारी टिकली ती रस्त्यामुळे नव्हे, मुक्कामांमुळे. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण ही नावं वारकऱ्याला तोंडपाठ असतात आणि त्या गावांनाही आपली तिथी ठाऊक असते. स्पेनमधल्या सान्तियागोच्या वाटेवर वर्षाला चार लाखांहून अधिक लोकांना यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं. पायी जाणाऱ्याला ते निदान 100 किलोमीटर चालल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे माणूस गावात रात्र काढतो, जेवतो आणि त्याचा पैसा तिथेच राहतो. बसने येऊन संध्याकाळी परतणारा पर्यटक गावाला धूळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या देऊन जातो.

अडचणी आहेतच. नोव्हेंबरात दिल्लीची हवा श्वास घेण्यासारखी नसते, मे महिन्यात ऊन सोसवत नाही, जानेवारीत धुकं दाट. फेब्रुवारी-मार्च एवढाच काळ हाती उरतो. शिवाय गर्दी वाढली की शौचालयं कमी पडतात, हे वारीने आपल्याला चांगलंच शिकवलं आहे. म्हणून सुरुवात लहान असावी, वीस-पंचवीस जणांची.

दिल्लीतल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे. येत्या फेब्रुवारीत बुराडीहून पानिपतला पायी निघा. त्याआधी वाटेवरच्या पंचायतींना भेटून रात्रीपुरती चौपाल, म्हणजे गावच्या बैठकीची जागा, मागा, जेवण गावातल्याच बायकांकडून योग्य मोल देऊन करून घ्या, पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या. सरकारकडे जायचंच असेल तर रस्ता मागू नका. दर मुक्कामावर पाणी, शौचालय आणि झाडं एवढंच मागा.