दोन देशांतील वारसा

लूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेल. भावाने वतनाचा वाटा द्यावा म्हणून गर्दीतला एक मनुष्य प्रभू येशूकडे गाऱ्हाणे घेऊन येतो आणि प्रभू वाटणी करण्याचे साफ नाकारतो. या प्रसंगाचा आधार घेऊन आम्हीही मृत्युपत्राच्या विषयापासून वर्षानुवर्षे दूर राहिलो. २०२२ मध्ये दुबईहून सुट्टीवर आलेल्या एका वसईकर गृहस्थाने 'फादर, मृत्युपत्र करून ठेवू का?' असे विचारले, तेव्हा 'इतक्यात कशाला?' असे आम्ही हसून म्हणालो. दोन वर्षांनी त्याची शवपेटी आली.

मागे राहिले ते इकडचे वाडीतले घर आणि तिकडचा फ्लॅट व ठेवी. घराचा प्रश्न सोपा होता. भारतातील स्थावर मिळकतीला १९२५ चा भारतीय वारसा कायदाच लागतो. मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश, उरलेले मुलामुलींना समान. (मुलींकडून हक्कसोड लिहून घेण्याची आपली रीत या समानतेला कशी गिळते, हा वेगळा विषय.) संयुक्त अरब अमिरातीत मात्र फेब्रुवारी २०२३ पासून बिगरमुस्लिमांसाठी नवा कायदा आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला निम्मे, मुलांना निम्मे. परंतु कोणीही वारस मृताच्या मायदेशाचा कायदा लावण्याची मागणी करू शकतो. म्हणजे एका कायद्यात आईचा लाभ, दुसऱ्यात मुलांचा. आणि निवड वारसांनीच करायची! वर्षश्राद्धाच्या मिस्साला आई व थोरला मुलगा वेगवेगळ्या बाकांवर बसलेले आम्ही पाहिले.

मौन राखले की सर्वांना सारखा न्याय मिळतो, असा आमचा भाबडा समज होता. बापाने एका कागदावर जे ठरवायचे, ते त्याच्या मौनाने आईला आणि मुलाला एकमेकांविरुद्ध मागावे लागले. प्रभूने वाटा मागणाऱ्याच्या लोभाला फटकारले होते. मालकाच्या चालढकलीला त्याने आशीर्वाद दिल्याचे आम्हांस कुठे आढळत नाही.

दोन देशांसाठी दोन मृत्युपत्रे करताना 'पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य बेफिकिरीने लिहू नये. दुसऱ्याने पहिले पुसले जायचे. आपल्या कायद्यानुसार दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला वा त्याच्या पतीपत्नीला दिलेले दान व्यर्थ ठरते.

गेल्या महिन्यात आखातात निघालेला एक तरुण साक्षीसाठी आमच्याकडे आला. आमच्या नावे त्यात काही नाही ना, हे विचारून घेतले आणि सही केली.