करुणा आणि वाऱ्याची दिशा

संकटात सापडलेल्याकडे धावून जाणे हा धर्म होय, याविषयी भारतीय परंपरांत फारसा मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो धावणाऱ्याचे मरण जवळजवळ निश्चित असेल आणि त्या मरणाने कोणीही वाचणार नसेल तेव्हा. शीतगृहातील अमोनियाची गळती हा प्रश्न अत्यंत नेमकेपणाने उभा करते. अमोनिया दाबाखाली द्रवरूपात साठवतात आणि त्याचा पुन्हा वायू होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, म्हणून द्राक्षे, भाजीपाला वा मासळी थंड ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रणांत त्याचा शीतक म्हणून, म्हणजे थंडावा निर्माण करणारे द्रव्य म्हणून, उपयोग होतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे 33 अंश सेल्सिअसलाच उकळतो. हा वायू एरवी हवेपेक्षा हलका असला, तरी फुटलेल्या पाइपातून अतिथंड तुषारांसह बाहेर पडल्यावर पांढऱ्या ढगाच्या रूपाने जमिनीलगत पसरू शकतो, आणि पाण्याची त्याला विलक्षण ओढ असल्यामुळे डोळे, घसा, फुप्फुसे ही शरीरातील ओली ठिकाणे तो आधी जाळतो.

अशा प्रसंगी आपत्ती-व्यवस्थापनाचा नियम कानाला निष्ठुर वाटावा असा आहे. ढगाच्या वाटेतून आडवे सरकून वारा येतो त्या बाजूला जावे. वायूवर पाण्याचे तुषार मारावेत, मात्र साचलेल्या द्रवावर पाणी ओतू नये, कारण पाण्यातील उष्णतेने तो अधिकच उसळतो. आणि पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा पुरवणारे श्वसनयंत्र व वायुरोधक पोशाख असल्याखेरीज कोणीही आत पाऊल टाकू नये, मग आतून हाक येत असली तरी. नियमामागे अनुभव आहे. बंदिस्त जागांतील मृत्यूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात, असे अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1986 मध्ये नोंदवले होते. अमोनियाला जागा बंदिस्तच लागते असेही नाही. जून 2015 मध्ये पंजाबातील दोराहा येथे उड्डाणपुलाखाली अडकलेल्या टँकरमधून तो सुटला आणि सहा जण दगावले. मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेल्या घोटीसारख्या गावाला या घटनेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

घोटी ज्या इगतपुरी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे जटायू पडला, अशी श्रद्धा आहे. मरणासन्न पक्ष्याला पाणी पाजण्यासाठी रामाने तेथे सर्व तीर्थे एकत्र आणली, असे सांगतात. रावणाशी आपला निभाव लागणार नाही हे वृद्ध जटायूला कळत नव्हते, असे मानणे कठीण आहे. तरीही तो झेपावला, आणि परंपरेने त्याला रामाच्या हातून पित्यासारखे अंत्यसंस्कार दिले. मग शीतगृहाच्या दाराशी थांबलेला माणूस जटायूपुढे खुजा ठरतो काय? येथे कथेचा उत्तरार्ध ध्यानात घ्यावा लागतो. जटायूने रावणाचा रथ मोडला, काही काळ त्याला अडवले आणि सीतेला कोणी व कोणत्या दिशेने नेले हे सांगण्यापुरता प्राण टिकवला. पुढच्या शोधाला त्याच्या शब्दांनी दिशा मिळाली. रावणाला रोखता तरी येत होते. वायूला धैर्य दिसत नाही, आणि श्वसनयंत्राविना आत गेलेला माणूस काही श्वासांतच वाचवायच्या माणसांच्या संख्येत भर घालतो. जटायूचे नाव घेऊन दाराशी थांबलेल्याला आत ढकलणे हा जटायूवरही अन्यायच आहे.

त्याच तालुक्यात, इगतपुरीला, सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने 1976 मध्ये सुरू झालेले धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे, आणि तेथील दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस साधक केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे निरीक्षण करतो. ही साधना ज्या बौद्ध परंपरेतली, तिच्या विचारात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार, म्हणजे चित्ताच्या चार उदात्त अवस्था, मानले आहेत. यांतील उपेक्षेचा अर्थ समतोल, न डगमगणारी दृष्टी. बुद्धघोषाच्या विशुद्धिमार्गात प्रत्येक अवस्थेचा एक जवळचा शत्रू सांगितला आहे, म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा पण तिला पोखरणारा विकार. करुणेचा जवळचा शत्रू शोकाकुलता, तर उपेक्षेचा अज्ञानातून आलेली बेपर्वाई. गळतीच्या वेळी हे दोन्ही शत्रू दारातच उभे असतात: एक माणसाला आत ढकलतो, आणि दुसरा त्याला बाहेर स्वस्थ बसवून वर शिस्तीचे नाव देतो. दुसरा अधिक धोकादायक म्हणावा लागेल, कारण त्याच्या हाती नियमपुस्तिका असते.

बाहेर थांबण्याला नैतिक बळ येते ते आधी केलेल्या तयारीतून. ज्या मालकाने श्वसनयंत्र घेतले नाही, छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी शंकू लावला नाही, वायुशोधक यंत्र बसवले नाही, त्याने ऐनवेळी ‘आत जाऊ नका’ म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असते, पण ते त्याच्या तोंडी शोभत नाही. कायदाही येथे फार दूरवर साथ देत नाही. भोपाळनंतर 1989 मध्ये आलेल्या घातक रसायनांच्या नियमांत अमोनियासाठी पहिली मर्यादा 60 टनांची आहे, आणि शीतगृहांतील साठा सहसा काही टनांचाच असल्याने त्यांतील कडक तरतुदी बहुतेकांना लागूच होत नाहीत. उरते ते मालकाचे मन.

आणि आतल्या माणसाचे काय? कॉम्प्रेसरच्या खोलीत रात्रपाळीला एकट्याने बसणाऱ्या ऑपरेटरसाठी आत न जाण्याच्या नियमाचा अर्थ ‘आपल्यासाठी लगेच कोणी येणार नाही’ असा होतो, आणि न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट त्याला गळतीच्या रात्री कळणे क्षम्य नाही. ती त्याला कामावर ठेवतानाच, दाराबाहेर टांगलेले श्वसनयंत्र हातात देऊन आणि ते चढवण्याचा सराव करवून घेऊन, सांगितली गेली पाहिजे.