ते कौल आणि तो कौल

छपरावर चढवतात ते कौल. देव देतो तो कौल. लिंग बदललं की अर्थ बदलतो, इतकंच मला शाळेपासून माहीत होतं. हे दोन शब्द कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. परसातल्या खुराड्याचं छप्पर घालताना ते आपोआप शेजारी आले आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेले नाहीत.

आमचं घर कोकणातल्या आचऱ्याला. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेलं. तेव्हा खुराड्यावर पत्रा होता. तार मीच पिळली होती, दोन ठिकाणी. चारही कोपऱ्यांना पिळायला हवी होती. वारा पडल्यावर मागे गेले तर पत्रा माडाच्या बुंध्याला गुंडाळलेला आणि सहा कोंबड्या एका कोपऱ्यात, एकमेकींच्या पंखांत माना खुपसून बसलेल्या. हात लावला तेव्हा कळलं, वरच्या चार थंड होत्या. खालच्या दोघी जिवंत निघाल्या, त्या चौघींच्या अंगाखाली कोरड्या राहिलेल्या.

मी त्या दिवशी रडले. घरात कोणी काही बोललं नाही, पण प्रश्न माझा मलाच पडला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले असते तर त्यांतलीच एखादी मी वड्यांबरोबर वाढली असती, आणि हात थरथरला नसता. मग या चौघींचं एवढं का लागलं? मेल्या म्हणून लागलं नव्हतं. भिजून मेल्या म्हणून लागलं होतं. आडोशाला बसा असं मी त्यांना रोज संध्याकाळी सांगत होते, दार ओढून घेत होते, आणि तो आडोसा खोटा निघाला होता.

जूनच्या आत पक्कं छप्पर करायचं ठरवलं. शेजारचा एक जुना मांगर मोडत होता, त्याची कौलं मिळाली, 70 नग. मंगलोरी. बासेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ही सपाट, खाचेची कौलं सगळ्या कोकणपट्टीवर पसरली. माझ्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं आहे; शेवाळ खरवडलं की अक्षरं लागतात. एकेक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे सगळी मिळून पावणेदोनशे किलो वजन. उडायचा प्रश्नच नको.

खाली चिऱ्याचे तीन थर, वर जाळी. खुराडा 6 फूट लांब, 4 फूट रुंद. वासे भेरली माडाचे, रिपा पोफळीच्या. पुढची बाजू साडेपाच फूट, मागची 3, म्हणजे 4 फुटांत अडीच फुटांचा उतार. कौलाला फार कमी ढाळ दिला की पाणी खाचेतून उलटं चढतं. मी उतार पूर्वेकडे काढणार होते, अंगणातून बरं दिसेल म्हणून. पडवीत बसलेल्या सासूबाईंनी तिथूनच थांबवलं. "पाणी वरसून नाय, बाजूसून मारता गो," म्हणाल्या. आमच्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो. खालची पागोळी पश्चिमेला, दार पूर्वेला. दोन्ही बाजूंना कौल फूटभर बाहेर. वरच्या अंगाला जाळीची चार बोटं फट ठेवली, विष्ठेची वाफ कोंडली तर कोंबड्यांचे डोळे जातात. जाळी मात्र बारीक, मुंगसाचं आणि उदमांजराचं डोकं शिरणार नाही अशी.

कौलं खालून वर चढवायची. पहिली ओळ पागोळीकडे, दुसरी तिच्यावर, प्रत्येकाची खाच शेजारच्यात बसली की एक बारीक आवाज येतो, टक्. तो आवाज मला फार आवडला. कोणी शब्द दिल्यासारखा.

आणि तो दुसरा कौल म्हणजे शब्दच. मूळ अरबी; वचन, बोल. मराठेशाहीत ओस पडलेलं गाव पुन्हा वसवायचं तर रयतेला कौल देत, कौलनामा लिहून. या, शेत करा, तुम्हाला उपद्रव होणार नाही. आमच्या भागात देवाला कौल लावतात तो हाच. पाषाणाला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी सुटली की होकार. सांभाळणाऱ्याने सांभाळल्या जाणाऱ्याला दिलेली हमी, दोन्हीकडे अर्थ एकच.

पण मग कोंबड्याला मी कसली हमी दिली? त्या वर्षी एक लाल कोंबडा राखणीसाठी ठेवला होता. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, वर्षाचा कोंबडा आणि नारळ द्यायचा, ही घरची रीत. आमच्या बोलीत सांभाळणं म्हणजे राखण आणि सांभाळणाऱ्याला जे द्यायचं तीही राखणच. पावसाची पहिली सर आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "देवाचो कोंबो आसा तो, भिजाक दिव नको." जो द्यायचा, त्यालाच जपायचा.

महाभारतात शिबी राजाची कथा आहे. ससाण्याच्या भीतीने कबूतर मांडीवर येऊन बसतं. ससाणा म्हणतो, माझा घास का काढून घेतोस? राजा कबुतराच्या भारंभार स्वतःचं मांस तोलून देतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी राजाच्या बाजूने असे. आता वाटतं, त्या कथेत मला जागाच नाही. छप्पर घालणारी मी आणि ससाणाही मीच. मांस शाकारलेल्या खुराड्यातूनच काढते, स्वतःच्या मांडीचं नाही.

पुष्कळ विचार करून मी एवढ्यावर आले आहे. मरणार नाहीस, असा कौल मी देऊ शकत नाही. तो मला स्वतःलाही कोणी दिलेला नाही. जगशील तोवर भिजणार नाहीस, एवढा देऊ शकते, आणि एवढा दिला तर तो पुरा पाळायला हवा, शेवटच्या संध्याकाळपर्यंत. उद्या कापायचाच आहे म्हणून आज गळतं छप्पर चालेल, हे मला पाप वाटतं. कापणं पाप आहे की नाही, यावर माझं मन अजून ठरत नाही. गळक्या छपराबद्दल मात्र ठरलेलं आहे.

डिसेंबर 2024 मध्ये गावपळण झाली. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की आमचा सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहतो, गुराढोरांसकट, कुत्र्यामांजरांसकट. आम्हीही कोंबड्या डालग्यांत घालून नेल्या. झापांची खोपी बांधली, एका कोपऱ्यात डालगी, मधे आम्ही, एकाच आडोशाखाली. रात्री दव पडायचं, झापांतून थेंब यायचे, आमच्या पांघरुणावर आणि डालग्यांवर सारखेच. माझी सत्तर कौलं तिकडे रिकाम्या गावात, खाली कोणी नाही. घर माझं, पण त्यात परत जायचं तर कौल लागायचा होता. सासूबाई अंधारात म्हणाल्या, "देव बोलयत तेवां जावचा." कोंबड्या गप्प होत्या.

चौथ्या दिवशी कौल मिळाला. परतलो तर वानरं येऊन गेली होती. खुराड्याची दोन कौलं सरकलेली, एक फुटलेलं, रिपांमधून आभाळ दिसत होतं. डिसेंबरात पाऊस नव्हता. त्या वर्षीच्या राखणीला आठ दिवस राहिले होते, आणि राखणीचा कोंबडा डालग्यातून मान बाहेर काढून बघत होता. मी घराचं कुलूप न उघडताच घरामागे ठेवलेलं जादा कौल आणलं आणि शिडी लावली.